विचारून लावलेला रंग

उकंडाच्या आधी रुखमाबाईची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तसा सुइणीनं त्याला सुपात घालून घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवला, आणि रुखमाबाईनं पदर पसरून ‘सापडला व माय, सापडला’ म्हणत उचलून आणला. सटवाईची नजर चुकवायची ती जुनी रीत. नाव त्यावरूनच पडलं. पोरगा जगला, अंगानं भरला, आणि बोलू लागायच्या आधी कोळशानं भिंतीवर रेघा ओढू लागला.

गाव जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. बाप रामराव. दोन बैलांची शेती, त्यात कापूस, तूर, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात मिरची. उकंडा आठ वर्षांचा असताना रुखमाबाईनं त्याला टोपली देऊन मिरचीत पाठवलं. “पिकली पिकली लाल तेवढीच तोड,” असं बजावून सांगितलं. तासाभरानं पोरगा टोपली भरून घेऊन आला. वरून पाहिलं तर अर्धी मिरची हिरवी.

“डोये फुटले का बे तुहे?” म्हणून तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

उकंडा रडला नाही. तो टोपलीकडे पाहत राहिला. आपलं काय चुकलं हेच त्याला कळत नव्हतं. टोपलीतल्या सगळ्या मिरच्या त्याला सारख्याच दिसत होत्या, जुन्या पितळेसारख्या मळकट पिवळ्या. लोक ‘लाल’ म्हणतात आणि ‘हिरवा’ म्हणतात, ती एकाच रंगाची दोन नावं असावीत असंच त्याला तोवर वाटायचं. त्या दिवशी त्याला समजलं की बाकीच्यांना काहीतरी दिसतं आणि आपल्याला ते दिसत नाही. त्याच दिवशी ही गोष्ट कुणाला सांगायची नाही हेही त्यानं ठरवलं. गावात एका डोळ्यानं अधू असलेल्या माणसाचे काय हाल होतात ते तो रोज पाहत होता. पुढच्या खेपेला तो मिरची बोटांनी दाबून पाहू लागला. पिकलेली मऊ लागते, हिरवी करकरीत. टोपली बिनचूक भरू लागली. आई म्हणाली, “आता कसा मन लावून काम करते पोरगा!”

असा तो बोटांनी आणि नाकानं रंग ओळखायला शिकला. आणि रेघ? रेघेला रंग लागत नव्हता. गावात कुणाचं लग्न निघालं की भिंतीवर हत्ती, घोडे, कळस काढायला उकंडालाच बोलावणं यायचं. खांद्यापासून हात फिरवून तो एका दमात बैलाची पाठ अशी ओढायचा की मशेरीची बोटं तोंडात धरून बाया उभ्याच्या उभ्या राहायच्या. रंग मात्र तो दुसऱ्याला भरायला सांगायचा. “मले रेघेचाच नाद हाय,” म्हणायचा. लोकांना वाटायचं, कलाकाराची लहर.

शाळामास्तरांनी रामरावांना सांगितलं, पोराला खामगावला पाठवा. तिथं चित्रकलेचा वर्ग आहे, मुंबईच्या सरकारी परीक्षेला पोरं बसतात, पास झाला तर कुठंतरी ड्रॉइंग मास्तर होईल. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या कारभारात होता, पण चित्रांच्या परीक्षेचं शहाणपण मुंबईहूनच यायचं. रामरावांनी फार विचार केला नाही. खामगावात बहीण राहतच होती. सोळाव्या वर्षी उकंडा वळकटी घेऊन आत्याच्या घरी आला.

खामगावात तेव्हा हंगामात सगळीकडे रुईच रुई. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातून उडालेला तो पांढरा भुगा रस्त्यावर, झाडांवर, माणसांच्या भुवयांवर बसलेला असायचा. वर्ग बाजाराच्या मागं एका जुन्या गोदामात भरायचा. शिकवणारे वामनराव गुरुजी मुंबईला चार वर्षं शिकून आलेले. कोट कायम बंद गळ्याचा, आणि हातात लाल पेन्सिल. बोलणं थोडं, शेरे फार. पहिल्याच दिवशी त्यांनी उकंडाला समोरची घागर काढायला सांगितली. उकंडानं ती काढली. गुरुजींनी कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, “कुठं शिकलास ही रेघ?”

“भिताडावर, गुरुजी.”

गुरुजी हसले नाहीत. पण तो कागद त्यांनी परत दिला नाही, कपाटात ठेवला.

सुखाचे दिवस तेवढेच. दुसऱ्या महिन्यात रंगपेटी हातात आली.

पेटीतल्या वड्या सगळ्या सारख्या गुळगुळीत. दाबून काही कळत नव्हतं, हुंगून काही कळत नव्हतं. निळा आणि पिवळा त्याला ओळखू यायचा, लाल आणि हिरव्याशी मात्र त्याची जन्माची अडचण. त्यानं एक युक्ती केली. वड्यांचा क्रम पाठ केला आणि प्रत्येकीच्या कडेला चाकूनं खाच पाडली. एक खाच लाल, दोन खाचा हिरवा. पण वडी ओळखता आली तरी दोन रंग एकमेकांत मिसळले की पुढं सगळा अंधार. एकदा त्यानं आंब्याची डहाळी रंगवली. सगळा वर्ग भोवती जमून खो खो हसला. पानं विटकरी झाली होती.

“सांजच्या उनाचा आंबा हाय तो,” उकंडा म्हणाला. कानापर्यंत तापला होता.

गुरुजींनी लाल पेन्सिलीनं त्यावर दोन फुल्या मारल्या आणि खाली लिहिलं, ‘रंगाकडे दुर्लक्ष. हट्ट.’

त्याच्या शेजारी शकूर बसायचा. मूळचा रोहिणखेडचा, बाप दर्जी, दोन सालांपूर्वी खामगावात दुकान टाकलेलं. शकूरच्या पिशवीत कायम कापडाच्या चिंध्या असायच्या. ब्रश पुसायला म्हणून तो त्या आणायचा. उकंडा त्या चिंध्या हातात घेऊन बसायचा. हे खणाचं कापड, हा मांजरपाट, ही मलमल. शकूर सहज बोलून जायचा, “हा लाल खण पाटलिणीच्या चोळीचा हाय. हा हिरवा धोतराचा काठ.” आणि उकंडाच्या मनात ते पक्कं बसायचं. खणाची वीण बोटांना कळत होती. वीण कळली की रंग कळला.

तिथून त्याचा तो नवा नाद सुरू झाला. बोरूनं काळ्या शाईची रेघ ओढायची, आणि जिथं रंग हवा तिथं रंगच लावायचा नाही. तिथं खणाचा तुकडा डिंकानं चिकटवायचा. मातीला गेरू, कारण गेरू हाताला खरखरीत लागतो आणि ओला झाला की त्याचा वास येतो. पिवळ्याला हळद. सावलीला काजळ. ढगाला जिनाच्या दारातून गोळा केलेली रुई. मग या सगळ्यावरून पुन्हा एकदा रेघ फिरवायची, कापडावरून कागदावर, कागदावरून रुईवर, कुठंही न तुटता. रुईवरून बोरू नेणं महाकठीण, तंतू अडकतात, शाई फुटते. दहादा बिघडलं. अकराव्यांदा त्यानं रुईला आधी पातळ खळ दिली आणि रेघ सरळ पलीकडे गेली. त्या दिवशी तो आत्याकडे दोन भाकरी जास्त जेवला.

वर्गात त्याच्या चित्रांना ‘उकंडाच्या गोधड्या’ असं नाव पडलं. गुरुजी त्या चित्रांसमोर जरा जास्तच वेळ उभे राहायचे, पण म्हणायचे तेच, “सरकारी परीक्षेत गोधडी चालत नाही. पाण्यातला रंग शीक.” उकंडा मान हलवायचा. परीक्षा जवळ येऊ लागली. परीक्षेत एक पेपर रंगाचाच होता. झोपेत त्याला वड्या दिसायच्या, सगळ्या एकाच रंगाच्या, आणि एकीलाही खाच नाही.

अशी दोन वर्षं गेली. दुसऱ्या वर्षी फाल्गुनात गुरुजींनी ठरवलं की सगळ्या वर्गाला सातपुड्याला न्यायचं. पळस फुलला होता. गुरुजी म्हणाले, “उकंडा तिकडचाच आहे. वाट तोच दाखवील.”

नांदुऱ्यावरून सर्व्हिस मोटारीनं बारा जण जळगावला आले, तिथून पायी. उकंडा पुढं. त्याच्या ओळखीची वाट, ओळखीचा नाला, ओळखीचं टेकाड. टेकाडावर चढून समोरचा उतार दिसू लागला तसा मागून एकच गलका उठला.

“अरे बाप्पा! डोंगर पेटला की काय!”

“पाय बे, पाय! तिकडं तर रांगच हाय!”

उकंडानं पाहिलं. वाळल्या गवताचा, सागाच्या उघड्या खोडांचा एक करडा उतार. रोजचाच. पळसाचं फूल त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, होळीला तो ती वेचायचा, नखासारखी वाकडी पाकळी बोटांनी चाचपायचा. पण लांबून? लांबून तिथं काहीच पेटलेलं नव्हतं.

गुरुजींनी सगळ्यांना बसवलं. “पूर्ण उतार काढायचा. रंग नको, रेघच. फक्त पळस जिथं जिथं फुललाय तिथली जागा बरोबर धरायची. एकही सुटता कामा नये.”

दोन तासांनी त्यांनी कागद पाहायला घेतले. कुणी अकरा पळस धरले होते, कुणी बारा. उकंडाचा कागद हातात घेतला तसे ते थांबले. रेघ अप्रतिम होती. दगडांच्या भेगा, उताराचा कल, सागाच्या फांद्या, सगळं जिवंत. आणि पळस तीन. तिन्ही माथ्यावरचे, आभाळासमोर आकार दिसत होता ते.

“बाकीचे?”

“कोन्ते गुरुजी?”

गुरुजींनी बोट केलं. “तो मधल्या घळीतला. एवढा मोठा.”

उकंडानं तिकडे पाहिलं. डोळे बारीक केले. घळीत एक झाड होतं खरं. वाळल्या पानांचं वाटत होतं. “तो... सागच हाय न गुरुजी?” तो म्हणाला. त्याचा आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

कुणीतरी हसलं. गुरुजींनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्यांनी शकूरची पिशवी मागून घेतली आणि चिंध्या खडकावर पसरल्या. “यातली लाल काढून दे.”

उकंडा पुढं झाला. चिंध्यांवरून बोटं फिरवली आणि खणाचा तुकडा उचलला. लालच होता. वर्गानं सुस्कारा सोडला. गुरुजी मात्र त्याच्या बोटांकडे पाहत होते.

“हात मागं बांध,” ते हळूच म्हणाले. “आता नुसतं पाहून सांग. लाल कुठली, हिरवी कुठली?”

वारा होता. चिंध्या थोड्या हलत होत्या. उकंडा हात पाठीमागे धरून उभा राहिला आणि पाहत राहिला.  मग त्याच्या तोंडून निघालं, “नाही कयत, गुरुजी.”

“कधीपासून?”

“जलमापासून.”

 गुरुजींनी चिंध्या गोळा केल्या, पिशवी शकूरला दिली आणि म्हणाले, “चला, मोटार चुकेल.” उताराकडे पाठ करून ते चालू लागले. उकंडानं सांगितलं, मला बरं वाटत नाही, मी गावातच थांबतो. गुरुजी नुसते “बरं” म्हणाले. त्या एका शब्दात उकंडाला आपला सगळा निकाल ऐकू आला.

घरी आला आणि त्यानं बोरू, शाई, कागद सगळं बांधून माळ्यावर टाकलं. सकाळी बापाबरोबर वावरात जायचं, संध्याकाळी परत यायचं. रामराव विचारायचे, “काऊन बाबा, शाया नाही का?” तो म्हणायचा, “सुट्टी हाय.” पण आईपुढं असलं किती दिवस चालणार! पाचव्या दिवशी रुखमाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “सांग आता. काय झालं?”

आणि त्यानं सांगितलं. मिरचीपासून ते खडकावरच्या चिंध्यांपर्यंत सगळं. बोलताना तो जमिनीकडे पाहत होता. सांगून झाल्यावर त्यानं वर पाहिलं. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली होती.

“माह्या बापालेबी असंच होतं,” रुखमाबाई म्हणाली.

“कोनाले?”

“तुह्या आज्याले. हिरव्या गवतात तांबडी गाय दिसे ना त्याले. मंग आमच्या मायनं गायीच्या गयात घंटी बांधली होती. तो हसे, म्हने मी कानानं ढोरं चारतो. सत्तर वर्सं जगला, काही अडलं नाही त्याचं.” तिनं जळकी भाकरी काढून बाजूला ठेवली. “मले मालूम असूनबी माह्या ध्यानात नाही आलं. आन् मी तुले मारलं रे! माह्याच बापाचे डोये तुह्या कपायात, आन् मीच तुले मारलं.”

ती रडू लागली. उकंडा तिच्या जवळ सरकला. आश्चर्य म्हणजे त्याला रडू येत नव्हतं. छातीवरून कुणीतरी भरलेलं पोतं उतरवून घ्यावं तसं त्याला वाटत होतं. आपण एकटे नव्हतो. आज्याच्या गायीच्या गळ्यात घंटी होती, आणि आजा हसायचा.

“माय, भाकर टाक दुसरी,” तो म्हणाला. “भूक लागली.”

नवव्या दिवशी दुपारी दारात शकूर उभा. अंगावर धूळ, हातात तीच पिशवी, आणि चेहरा रागानं लाल. तो रंग उकंडाला दिसला नाही, पण राग दिसला.

“दोन वर्सं तुह्या बाजूला बसलो मी,” शकूर आत न येताच बोलू लागला. “एका लोट्यात दोघांनी ब्रश धुतले. आन् तू मले सांगत नाही? मी काय तुहा दुस्मन हाय का बे?”

“लाज वाटे रे.”

“लाज! शाई लावताना माहा हात थरथरते, ते मी तुले रोज सांगतो. मले नाही लाज वाटत?” मग त्याचा सूर उतरला. “चाल. गुरुजींनं बलावलं हाय. म्हने, उकंडाले घेतल्याबिगर येऊ नोको.”

“काढून टाकाले?”

“कागद आन म्हनले त्या दिवशीचा. काढून टाकाचं असतं तं कागद कायले मागतले असते?”

रुखमाबाईनं शकूरला पाणी दिलं, बाजेवर बसवलं, पिठलं-भाकर वाढली. जेवताना शकूरच म्हणाला, “फुलं अजून हायेत डोंगराले. मी येतायेता पायले. सकायी जाऊ काय?”

सकाळी दोघं पुन्हा त्या टेकाडावर गेले. उकंडानं तोच कागद मांडीवर घेतला, ज्यावर तीनच पळस होते. शकूर शेजारी उकिडवा बसला आणि बोट करून सांगू लागला. “तो उभा दगड हाय न, त्याच्या डाव्या हाताले एक. मोठा. हाव, तिथंच. त्याच्या खाली दोन, लहान, एकमेकाले चिपकून. आता घयीत ये. घयीतला सगयात भारी हाय, अर्धा उजेडात, अर्धा सावलीत.”

“उजेडातला कसा दिसते?”

शकूरला पहिल्यांदाच विचार करावा लागला. “कसा म्हंजे... निखाऱ्यावर फुंकर मारली की जसा होते न, तसा. आन् सावलीतला, फुंकर थांबल्यावर.”

उकंडाला ते कळलं. निखाऱ्यावर फुंकर मारल्यानं काय होतं ते त्याला रंगाशिवायही ठाऊक होतं. त्यानं उजेडातल्या पळसाला खणाचा तुकडा दोऱ्यादोऱ्यानं उसवून, फुलवून लावला. सावलीतल्याला तोच तुकडा घट्ट दाबून, वर काजळाचं बोट. एकेक झाड विचारत, एकेक तुकडा लावत उन्हं डोक्यावर येईपर्यंत बारा पळस झाले. मग त्यानं बोरू घेतला आणि त्या सगळ्यातून एकच रेघ उताराच्या माथ्यापासून नाल्यापर्यंत उतरवली.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं काही न लपवता चित्र काढलं होतं. “हे लाल हाय का?” असं त्या सकाळी त्यानं पन्नासदा तरी विचारलं असेल, आणि पन्नास वेळा शकूरनं न कंटाळता “हाव” नाहीतर “नाही” म्हटलं. कुणाचंही काही बिघडलं नाही. हे इतकं सोपं होतं, हे कळून त्याला हसू येऊ लागलं, आणि ते थांबेना. शकूरही हसू लागला. दोघं त्या खडकावर पोटं धरून हसत बसले.

खामगावात गुरुजींनी तो कागद टेबलावर ठेवला. खिडकी उघडली. पुन्हा पाहिला. 

“याला कुणी गोधडी म्हणायचं नाही,” ते म्हणाले. मग उकंडाकडे वळले. “त्या दिवशी मी बोललो नाही, कारण मला बोलता येईना. दोन वर्षं मी तुझ्या हिरव्या पानांवर लाल पेन्सिलीनं फुल्या मारत होतो. तुला त्या दिसत तरी होत्या का?”

उकंडा घुटमळला. “काही काही, गुरुजी. पानावरच्या नाही दिसत.”

“आणि मला वाटायचं, पोरगा कोडगा आहे. एवढ्या फुल्या मारल्या तरी ढिम्म!”

 मग गुरुजी स्वतःच हसले. त्यांना हसताना पाहिलेलं वर्गातल्या कुणालाच आठवत नव्हतं. त्यांनी ती लाल पेन्सिल टेबलाच्या खणात टाकली आणि काळी काढली.

त्यानंतरचे सात महिने त्यांनी उकंडाला रंग असा शिकवला जसा कुणी हिशेबी स्वयंपाक शिकवतं. प्रत्येक वडीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर नाव. इतके थेंब हे, इतके ते, की झाला पेरूच्या पानाचा रंग. त्यात एक थेंब निळा, की सावलीतलं पान. उकंडानं ते वहीत उतरवून पाठ केलं. शेवटी त्यानं मनातली भीती बोलून दाखवली. “पन गुरुजी, समोर काय रंगाचं ठेवलं तेच नाही कयलं तं?”

“विचारायचं.”

“परीक्षेत बोलाची मनाई असते न?”

“शेजाऱ्याशी बोलायची. देखरेखीला जो माणूस असतो त्याला विचारायला कुणाच्या बापाची मनाई नाही.”

परीक्षा अकोल्याला होती, दिवाळीच्या आधी. रंगाच्या पेपरला एका मोठ्या दालनात चाळीस मुलं गोल बसली होती. मध्ये टेबलावर पितळी लोटा, दोन पेरू, आणि खाली चुण्या पाडलेलं एक कापड. लोटा पिवळा, ते दिसत होतं. पेरू पिकलेले होते, ते त्यानं वासावरून ओळखलं. कापड मात्र लाल की हिरवं? उकंडानं चारदा पाहिलं.  शेजारी ब्रश पाण्यात बुडल्याचे आवाज येऊ लागले. जुनी सवय आतून सांगत होती, गप्प बस, काहीतरी लाव, सांजच्या उनाचं आहे म्हण.

तो उभा राहिला.

“साहेब, त्या लोट्याखालच्या कपड्याचा रंग कोन्ता हाय?”

दालनभर हशा पिकला. देखरेखीला एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला फेटा, नाकावर चष्मा. ते चालत त्याच्यापाशी आले. “दिसत नाही का तुला?”

“दिसते, साहेब,” उकंडा म्हणाला. “कयत नाही.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पेटीतल्या चिठ्ठ्या लावलेल्या वड्यांकडे. नंतर ते टेबलापाशी गेले, वाकून कापड नीट पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “हिरवा. गडद. चुणीच्या आत काळपट, आणि उजव्या कोपऱ्यात जरा विटलेला.” इतक्या बारकाईनं त्यांनी सांगितलं की हसणारी पोरंही मान वर करून ते कापड नव्यानं पाहू लागली.

“उपकार झाले,” उकंडा म्हणाला, आणि त्यानं वहीतला हिरवा आठवून थेंब मोजायला सुरुवात केली. 

परतीच्या गाडीत त्याला खिडकीपाशी जागा मिळाली. जलंबला उतरून खामगावची गाडी धरायची होती. पण शेगाव जायच्या आतच त्याचा डोळा लागला, आणि जी झोप लागली ती अशी की जलंब गेलं, नांदुरा गेलं, आणि मलकापूरला कुणीतरी हमालानं त्याला हलवून उठवलं. फलाटावर उतरल्यावर त्याला आपण कुठं आहोत हे कळायलाच वेळ लागला. परतीच्या गाडीला तीन तास होते. एरवी तो घाबरला असता. त्यानं चहा घेतला, बाकावर पाय पसरून बसला आणि पुन्हा एक डुलकी काढली.

निकालात त्याला रेघेत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण होते. रंगात काठावर, पण काठाच्या अलीकडे नाही, पलीकडे. शकूरही पास झाला. तो पुढं बापाच्याच दुकानात बसला, आणि खमीसांच्या खिशांवर त्यानं काढलेल्या वेली बघायला लांबून लोक यायचे. उकंडाला मेहकरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तराची जागा मिळाली. रेघ, गेरू, कापड आणि रुई यांची चित्रं तो शेवटपर्यंत काढत राहिला. विकली फार नाहीत, वाटली पुष्कळ.

नोकरी लागली तशी सोयरीक आली. मुलगी पाहायला गेल्यावर, सुपारी फोडायच्या आधीच उकंडरावांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “एक गोष्ट कानावर घालतो. मले लाल आन् हिरवा वेगळा कयत नाही. माह्या आज्यालेबी कये नाही. मागाहून म्हनसान, सांगतलं नाही.”

बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले.  तेवढ्यात आतल्या दाराआडून मुलीचा, म्हणजे सुभद्राबाईचा, आवाज आला, “मंग लुगडी मी माह्या मनानं घेईन म्हना!”

आधी रामराव हसले, मग तिचा बाप, मग सगळी बैठक. सुपारी फुटली.